डेटा सेंटरचं मॉडेल बनवताय? या चुका टाळा

डेटा सेंटरच्या वीज-वापराच्या मॉडेलमधून पीयूई (एकूण वीज भागिले आयटीची, म्हणजे सर्व्हर वगैरेंची वीज) १.१ आला असं कुणी खुशीत सांगितलं की मी आधी विचारतो, हवामानाची फाईल कुठली घातलीस? बहुतेक वेळा सॉफ्टवेअरसोबत आलेलीच असते, कुठल्यातरी थंड गावाची. आणि डेटा सेंटर दाखवलेलं असतं नवी मुंबईत! पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की वेट बल्ब तापमान (पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जेवढी थंड होते ते) २८ च्या जवळ जातं. ओल्या पॅडमधून सोडलेली हवा त्याखाली उतरत नाही, आणि सर्व्हरच्या तोंडाशी अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागणारच. वार्षिक सरासरी नको, दर तासाचं हवामान घाला.

सर्व्हरच्या पाटीवरचे वॅट जसेच्या तसे धरणं ही माझी स्वतःची जुनी चूक. २० सर्व्हर, प्रत्येकी ८००, म्हणून रॅक १६ किलोवॅटचा. प्रत्यक्ष मीटर लावला तर सातही भरेनात. तो आकडा पॉवर सप्लायच्या क्षमतेचा असतो. पण म्हणून रिकाम्या सर्व्हरला शून्यही धरू नका, नुसता बसूनही तो बऱ्यापैकी वीज खातो.

यूपीएसची कार्यक्षमता सरसकट ९६ टक्के लिहू नका. टू-एन रचनेत (सगळं दुप्पट, एक बंद पडला तर दुसरा पूर्ण भार घेईल असं) प्रत्येक यूपीएस निम्म्याहून कमी लोडवर चालतो, तिथे लोडनुसार कार्यक्षमतेचा कर्व्ह बघावा लागतो. शिवाय वाया गेलेली वीज उष्णता होऊन त्याच खोलीत राहते, ती कूलिंगच्या हिशोबात घ्या.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे कॉम्प्युटिंग आणि कूलिंगची मॉडेलं वेगवेगळी चालवणं. इनलेट तापमान, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेचं, वाढवलं की चिलर वाचतो, पण सर्व्हरचे पंखे जोरात फिरू लागतात. वेग २० टक्के वाढला तर पंख्याची वीज सुमारे १.७ पट. ही वीज आयटीच्या खात्यात जाते. समजा आयटी १०० आणि कूलिंग ४० होतं, पीयूई १.४०. आता कूलिंग ३६ झालं, आयटी १०६. पीयूई १.३४, एकदम झकास! बिल मात्र १४० चं १४२.

वीज जाण्याचा प्रसंग तासाच्या टप्प्याने तपासता येत नाही. जनरेटर काही सेकंदांत येतो, चिलर पुन्हा सुरू व्हायला मिनिटं लागतात आणि सर्व्हर तोवर यूपीएसवर तापत असतात. तिथे सेकंदांचाच टप्पा हवा.

आकडे विचित्र आले तर हवा मोजा. सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत १० अंशांचा फरक असेल तर दर किलोवॅटमागे तासाला साधारण ३०० घनमीटर हवा लागते. मॉडेल पावणेदोनशेच दाखवत असेल तर आधी सीएफएमचं (मिनिटाला घनफूट) रूपांतर तपासा. माझं दोनदा तिथेच अडलं होतं.