बीगलबोनसाठी घरीच घडवलेलं लिनक्स

तासगावला मामांच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान नोंदवायला मी बीगलबोन ब्लॅक हा एका बोर्डावरचा छोटा संगणक लावला. त्यावर डेबियन हे अख्खं लिनक्स होतं. पाच मिनिटांनी एक आकडा लिहायला एवढा पसारा कशाला, म्हणून बिल्डरूट घेतलं, म्हणजे हवे तेवढेच भाग घेऊन लिनक्सची इमेज (कार्डावर उतरवायची फाइल) घडवणारं साधन. योक्टो या मोठ्या साधनानेही जमतं, पण एका बोर्डासाठी ते म्हणजे चार माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाची पातेली.

बिल्डरूटची फेब्रुवारीची आवृत्ती घ्या, तिला दुरुस्त्या जास्त काळ मिळतात. डब्ल्यूएसएलवर (विंडोजमध्ये चालणाऱ्या लिनक्सवर) असाल तर विंडोजचा पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) आत शिरतो, त्यातल्या ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या स्पेसमुळे मेक (बिल्ड चालवणारी कमांड) सुरुवातीलाच अडतं. तो आधी काढा.

आता ‘मेक बीगलबोन_डिफकॉन्फिग’ (बोर्डाची तयार सेटिंग्ज), मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ (आपल्या निवडीचा मेन्यू). टूलचेन (कंपायलर आणि त्याची साधनं) एक्स्टर्नल म्हणजे तयार ठेवा, नाहीतर जीसीसी हा कंपायलरच कंपाइल होण्यातच संध्याकाळ जाते. एसएसएचसाठी (नेटवर्कवरून बोर्डात शिरायला) ड्रॉपबेअर निवडा आणि रूट या मुख्य वापरकर्त्याला पासवर्ड द्या. रिकाम्या पासवर्डवर ड्रॉपबेअर आत घेत नाही. पुढे नुसतं ‘मेक’. डीएल फोल्डर मात्र जपा, त्यात डाउनलोड केलेला सगळा सोर्स असतो.

मी फसलो ते इथे. माझी स्क्रिप्ट थेट आउटपुटमधल्या टार्गेट फोल्डरात टाकली. चालली! नंतर मेन्यूतून एक पॅकेज काढलं, तरी ते इमेजमध्ये तसंच. बिल्डरूट काढलेलं पॅकेज आपणहून पुसत नाही. म्हणून आधीचं सगळं बिल्ड पुसणारं ‘मेक क्लीन’ केलं आणि स्क्रिप्टही गेली. ‘हे तुमचं रूट फाइलसिस्टिम नाही’ अशा अर्थाच्या नावाची फाइलच त्या फोल्डरात असते. मी ती उघडलीसुद्धा नव्हती. आपल्या फाइल्स वेगळ्या ओव्हरले फोल्डरात (त्यातलं सगळं इमेजमध्ये चढवलं जातं) ठेवा आणि त्याचा पत्ता सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये द्या. सुरुवातीला चालणारी स्क्रिप्ट ईटीसीतल्या इनिट.डीमध्ये, नाव एस99 ने सुरू होणारं, एक्झिक्यूट परवानगीसह.

तयार झालेली एसडीकार्ड.आयएमजी ही इमेज डीडी कमांडने मायक्रोएसडी कार्डावर उतरवा. त्याआधी एलएसबीएलके (डिस्कची यादी देणारी कमांड) दोनदा बघा, लॅपटॉपची डिस्क पुसायला एक अक्षर पुरतं. कार्डाजवळचं एस2 बटण दाबून धरूनच वीज द्या, नाहीतर बोर्ड आतल्या ईएमएमसीवरून (बोर्डावरच्याच स्टोरेजवरून) जुनंच डेबियन उठवतो. बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर बघायला जे1 पिनांवर सिरियल केबल जोडा, वेग 115200. केबल 3.3 व्होल्टचीच हवी.

वीज गेली की बोर्ड तारीख विसरतो आणि नोंदी निरुपयोगी होतात. मी डीएस3231 घड्याळ जोडलं, डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात) नोंदवलं. ‘मेक लिनक्स-मेन्यूकॉन्फिग’ या कर्नलच्या मेन्यूमध्ये त्याचा ड्रायव्हर शोधत अर्धा तास घालवला, तो डीएस1307 च्या नावाखाली आहे.