टाइप-१ मधुमेह आणि अमेरिकेतले पहिले महिने

टाइप-१ मधुमेह असताना अमेरिकेत शिक्षणासाठी वा नोकरीसाठी येणाऱ्यांनी घर, गाडी आणि बँकेचे खाते यांच्याआधी इन्सुलिनची सोय लावावी. बाकीची कामे आठवडाभर लांबली तरी निभावते. टाइप-१ मध्ये स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, त्यामुळे इंजेक्शने पूर्ण बंद पडली तर एक-दोन दिवसांतच रक्तात कीटोन नावाची आम्ले साठून जीव धोक्यात येतो. टाइप-२ असलेल्या काकांची गोळी चार दिवस चुकली तरी काही झाले नाही, हा दाखला येथे लागू पडत नाही.

निघताना सुमारे तीन महिन्यांचा साठा मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावा. चिठ्ठीवर ग्लार्जिन, लिस्प्रो अशी मूळ औषधांची नावे लिहून घ्यावीत, कंपनीची नव्हेत. सगळा साठा विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावा, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी टाकूनच द्यावे लागते.

बाटलीतून इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढची गोष्ट नीट वाचावी. भारतात बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्याच्या सिरिंजला लाल टोपण असते; अमेरिकेतल्या नेहमीच्या बाटलीत मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि सिरिंजचे टोपण नारिंगी असते. भारतातली बाटली घेऊन इथल्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट इथली बाटली आणि घरून आणलेली लाल टोपणाची सिरिंज वापरली, तर त्याच खुणेला ५० युनिट जातात आणि साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून बाटल्यांना पुरतील इतक्या सिरिंज भारतातूनच आणाव्यात आणि बाटल्या संपल्या की उरलेल्या सिरिंज घरात ठेवू नयेत.

नोकरीतला आरोग्यविमा कधीकधी रुजू झाल्यावर ९० दिवसांनी सुरू होतो, आणि प्रवासविमा जुन्या आजाराचा खर्च बहुधा देत नाही. याच फटीत आपली मुले इन्सुलिन पुरवून पुरवून वापरू लागतात. कृपा करून असे करू नका. मिनेसोटा राज्यातला अ‍ॅलेक स्मिथ हा २६ वर्षांचा तरुण जन्माने अमेरिकन होता, नोकरी करत होता. आईच्या विम्यातून वयामुळे बाहेर पडल्यावर महिन्याच्या आत, जून २०१७ मध्ये, तो इन्सुलिनअभावी गेला. त्याच्या नावाने २०२० मध्ये तिथे तातडीच्या इन्सुलिनचा कायदा झाला. शंभर वर्षांपूर्वी ज्या औषधाचे पेटंट संशोधकांनी नाममात्र एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला दिले, त्यासाठी या श्रीमंत देशात तरुणांनी जीव गमवावा, याचा मला आजही संताप येतो.

परिस्थिती २०२३ पासून थोडी सुधारली आहे. मोठ्या उत्पादकांच्या योजनांमध्ये विमा नसलेल्यांनाही महिन्याला ३५ डॉलरमध्ये इन्सुलिन मिळू शकते. फार्मसिस्टला थेट विचारावे, भीड बाळगू नये. जुन्या पद्धतीचे रेग्युलर आणि एनपीएच इन्सुलिन वॉलमार्टमध्ये बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय सुमारे २५ डॉलरला मिळते. त्याचा परिणाम सुरू होण्याची वेळ वेगळी असल्यामुळे डोस डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा, परंतु काहीच नसण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास अशी कीटोन साठल्याची लक्षणे दिसली, तर बिलाच्या भीतीने दुखणे अंगावर काढू नये. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला पैशांची चौकशी बाजूला ठेवून तपासणी करावी लागते आणि प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येते, मोठे येते, पण ते कमी करून घेता येते किंवा हप्त्यांनी फेडता येते. आजारपणात जेवण जात नसले तरी दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन बंद करू नये.

आपल्या लोकांतली लपवाछपवी मला मुळीच मान्य नाही. लग्न जुळणार नाही म्हणून खोलीतल्या सोबत्यांनाही आजार न सांगणारी मुले मी पाहिली आहेत, आणि इंजेक्शन सोडून कारल्याचा रस घ्या असे सांगणारी वडीलधारी मंडळीही. सोबत्याला निदान इन्सुलिन कुठे ठेवले आहे आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर काय सांगायचे, एवढे माहीत असलेच पाहिजे.

नोकरी सुटणार असे कळताच, विमा चालू आहे तोवर जितका साठा मिळेल तितका त्याच दिवशी भरून घ्यावा. नोकरीतला विमा स्वखर्चाने पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला साधारण ६० दिवस मिळतात.