सिलिंडर नंबरचं लेसर: बसून मोजलेला ॲक्सिस झोपल्यावर सरकतो, या चुका टाळा

सिलिंडरचा नंबर, म्हणजे बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्यामुळे लागणारा चष्म्याचा नंबर, किती आहे हे बहुतेकांना तोंडपाठ असतं. ॲक्सिस, म्हणजे त्या नंबरची दिशा, किती अंशांवर आहे, हे फारसं कुणी बघत नाही, आणि चष्मा घालवायच्या लेसरमध्ये घोळ होतो तो तिथेच. तपासणी बसून होते, ऑपरेशन उताणं झोपून. या दोन्हींच्या मधे डोळा खोबणीतल्या खोबणीत किंचित फिरतो. बहुतेकांचा 2 ते 4 अंश, काहींचा 10 च्या आसपास. दोन्ही डोळे सारखेच फिरतील असंही नाही. ॲक्सिस 4 अंशांनी चुकला तर सुमारे 14 टक्के सिलिंडर शिल्लक राहतो, 10 अंशांनी चुकला तर सुमारे 35 टक्के. 30 अंशांनी चुकला तर सगळा नंबर तसाच, फक्त ॲक्सिस बदललेला. पाऊण नंबरवाल्याला 4 अंशांचा फरक कळणारही नाही. 3 नंबर असेल तर जवळपास अर्धा नंबर उरेल.

आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे बेळगावात किंवा निपाणीत काढलेले रिपोर्ट घेऊन कोल्हापूर नाहीतर हुबळी गाठायची आणि 'पुन्हा तपासणी कशाला, पैसे वाया' म्हणून हटून बसायचं. कित्येक लेसर मशीन बसलेल्या अवस्थेत काढलेला डोळ्याचा फोटो झोपलेल्या डोळ्याशी जुळवून पाहतात. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावरच्या रेषांवरून डोळा किती फिरला ते ओळखतात आणि तेवढा लेसर वळवतात. हा फोटो त्या लेसरशी जोडलेल्या मशीनवरच काढावा लागतो. बाहेरच्या कागदावरून ते जमत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील तर रेषांची जुळणी बिघडते. तेव्हा पुन्हा तपासणीला नाही म्हणू नका.

कॉन्टॅक्ट लेन्सचंही तेच. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस लेन्स बंद ठेवलीच नाही, तर मुळात मोजलेला ॲक्सिसच भरवशाचा नसतो.

स्माईल या प्रकारच्या लेसर ऑपरेशनच्या काही मशीनमध्ये ही जुळणी आपोआप होत नाही. तिथे शाईची खूण लागते. ही खूण बसूनच करून घ्यायची: हनुवटी टेकूवर, कपाळ पट्टीला, दोन्ही डोळे उघडे, नजर समोर लांब. मान जराशी कलली तरी आडवी रेघ कलते आणि पुढचं सगळं त्या कललेल्या रेघेवर बसतं. खूण झाल्यावर डोळा चोळू नका, शाई फिसकटते. टेबलावर झोपल्यावर डोकं सरळ आहे ना, हे तपासायला डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. सूचना मराठीत हव्यात की कन्नडमध्ये, तेही. 'हलू नका' हे ऐन वेळी कळायला अर्धा सेकंद गेला, तरी मान हलून जाते.

ऑपरेशननंतर सिलिंडर उरलाच, तर लगेच दुसऱ्या ऑपरेशनची घाई नको. नंबर स्थिरावायला साधारण 3 महिने लागतात आणि डोळा कोरडा असेल तरी मोजणी फसते. त्यानंतर जुना आणि नवा ॲक्सिस शेजारी ठेवून बघा. नवा ॲक्सिस जुन्याच जागी असेल तर लेसर कमी पडला. जुन्यापासून 90 अंश दूर गेला असेल तर जास्त झाला. जुन्यापासून 45 अंशांच्या आसपास कलला असेल तर डोळा फिरल्याचा संशय घ्यायला जागा आहे. हा हिशेब डॉक्टरांसमोर ठेवायचा तर ऑपरेशनआधीचा नंबरचा कागद लागतो. चष्मा सुटला म्हणून तो टाकून देऊ नका.