पहिलं मॉडेल इंजिनाचं नको, मालगाडीच्या वाघिणीचं करू द्या

ट्रेन सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर रेल्वे चालवण्याच्या खेळासाठी, थ्रीडी मॉडेल करायचं म्हटलं की मुलं थेट डब्ल्यूएपी-७ या विजेच्या इंजिनाला हात घालतात आणि पेंटोग्राफपाशी, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्यापाशी, अडकतात. त्याऐवजी कोळसा वाहणारी, वरून उघडी बॉक्सएन प्रकारची वाघीण (मालडबा) निवडा. तिचा आकार म्हणजे चाकांवरची पेटीच. मॉडेल बनवायचं ब्लेंडर आणि ते चालवून बघायचा ओपन रेल्स हा सिम्युलेटर, दोन्ही मोफत मिळतात.

मापं सुरुवातीपासून मीटरमध्येच ठेवायला लावा. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, म्हणजे १.६७६ मीटर. इथे चूक झाली तर चाकं रुळांवर बसतच नाहीत, आणि मग मुलांचा धीर सुटतो. रंगकामाला मॉडेलवर चढवायचं १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं चौरस चित्र पुरे. संदर्भाचे फोटो फलाटावरूनच, रुळांत उतरायचं नाही, हे ठणकावून सांगा. बारकावे नंतर, आधी नुसती पेटी सिम्युलेटरमध्ये आणून बघू दे.