जुन्या बुलेटचा क्लच: प्लेटा टाकण्याआधी वाव मोजा

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी रांगते, तेव्हा बहुतेक जण गॅरेजवर जाऊन एवढंच सांगतात, ‘नव्या क्लच प्लेटा टाका.’ प्लेटा पडतात, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. प्लेटा बदलल्या, पण वाव, म्हणजे क्लचच्या लिव्हरचा जोर लागण्याआधीचा मोकळा खेळ, कोणी मोजलाच नाही. इंजिन बांधायला काढणारच असाल तर हे मोजमाप अर्ध्या दिवसाचं काम आहे. पुढची माहिती उजव्या पायाने गिअर पडणाऱ्या, चार गिअरच्या जुन्या ३५० बुलेटची. दुसरी गाडी असेल तर आकडे तिच्या मॅन्युअलमधले घ्या, पद्धत बरीचशी हीच.

हत्यारं थोडीच लागतात. ०.०२ मिमी वाचणारा व्हर्नियर, फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्यांचा जुडगा) आणि काचवाल्याकडून जाड काचेचा एक सपाट तुकडा. फीलर गेज नसेल तर ओळखीतल्या जिनिंगच्या फिटरकाकांना विचारून बघा.

पहिलं माप गाडी खोलायच्या आधी, इंजिन थंड असताना. क्लचचा लिव्हर दोन बोटांनी हलकेच ओढा. जोर लागायला लागण्याआधी तो बुडाशी किती सरकतो ते बघा. २ ते ३ मिमी हवा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा बघा, कारण केबल कुठे ताणली जात असेल तर तिथेच कळतं. आकडा खडूने टाकीखालच्या फ्रेमवर लिहून ठेवा.

हा वाव का जपायचा? प्लेटा झिजल्या की सगळा गठ्ठा बारीक होतो, प्लेटांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट आत सरकते आणि लिव्हर ओढल्यावर तिला उचलणाऱ्या क्लच रॉडला उलटी ढकलते. म्हणजे वाव आपोआप कमी होत जातो. तो शून्यावर आला की लिव्हर सोडलेला असूनही रॉड प्लेटांना थोडं उचलून धरतो आणि क्लच घसरतो. उलट, नव्या प्लेटांचा गठ्ठा जास्त जाड झाला तर वाव वाढतो, लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही आणि न्यूट्रल सापडता सापडत नाही.

आता डाव्या बाजूचं फुटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढा, खाली ट्रे ठेवा आणि चेनकेसचा मधला नट सोडा. क्लच काढायची घाई नको, आधी प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे येणारी चेन, बघा. इंजिन हळूहळू फिरवत चेन जिथे सगळ्यात घट्ट लागते ती जागा शोधा. तिथे मधोमध साधारण ६ मिमी खाली-वर व्हायला हवी. ढिल्या जागेवर मोजलं तर माप चुकतं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते.

स्प्रिंगा काढून शेजारी शेजारी उभ्या करा. एखादी दुसरीपेक्षा मिलिमीटरभर आखूड असेल तर मी पूर्ण संच बदलतो, एकटी स्प्रिंग कधीच नाही.

प्लेटा बाहेर काढताना क्रम आणि तोंड कुठे होतं ते लिहून ठेवा. मग धुऊन, सावलीत वाळवून प्रत्येक घर्षण प्लेट, म्हणजे कॉर्क लावलेली प्लेट, चार ठिकाणी मोजा. मोजताना व्हर्नियर आवळू नका, कॉर्क दबतो आणि माप खोटं येतं. अमळनेरच्या एका आबांची गाडी माझ्याकडे होती. नवा संच टाकूनही क्लच सुटत नव्हता. आबा रोज यायचे, ‘काय व्हयनं रे?’ शेवटी प्लेटा परत काढल्या आणि व्हर्नियर त्यांच्याच हातात दिला. एकाच पाकिटातली एक प्लेट बाकीच्यांपेक्षा ०.३ मिमी जाड निघाली. तेव्हापासून नवी प्लेटसुद्धा मी न मोजता बसवत नाही.

स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवा आणि कडेने फीलरची पत्ती घालून बघा. ०.२ मिमीची पत्ती सहज आत गेली तर प्लेट वाकली आहे, ती बाद. पण एक काळजी घ्या. जुन्या बुलेटच्या काही साध्या प्लेटा मुळातच बशीसारख्या खोलगट असतात. त्या एकमेकींत नीट बसतात का ते बघा. सपाट नाहीत म्हणून हातोड्याने ठोकून सरळ केलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि तो क्लच पुन्हा कधी धड लागला नाही.

प्लेटा ज्यात बसतात त्या क्लचच्या डब्याच्या खाचांवरून नख फिरवा. प्लेटेच्या दातांनी पाडलेल्या खड्ड्यांत नख अडकलं तर प्लेट सरकताना तिथेच अडते. हलका खड्डा बारीक कानशीने, दोन्ही बाजूंनी सारखा घासा. खड्डा खोल असेल तर डबाच बदला. जास्त घासलं की प्लेट खाचेत खडखडायला लागते.

क्लच बांधून झाल्यावर लिव्हर दाबून धरा आणि प्रेशर प्लेटच्या कडेला तीन ठिकाणी पत्ती घालून ती किती उचलली ते मोजा. तिन्हीकडे सारखीच उचलली पाहिजे. एका बाजूला कमी असेल तर तिथली स्प्रिंग दुसरीकडे बसवून बघा.

शेवटचं काम उजव्या बाजूला, गिअरबॉक्सच्या दोन स्क्रूंच्या छोट्या झाकणाखाली. आधी केबल पूर्ण ढिली करा. लॉकनट सोडून मधला स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, मग पाव ते अर्धा फेरा मागे आणा आणि लॉकनट कसा. त्यानंतरच केबलने लिव्हरपाशी २ ते ३ मिमी ठेवा. केबल ढिली न करता स्क्रू लावला तर दोन्हीकडचा वाव एकमेकांत लपतो.

नव्या प्लेटा सुरुवातीला बसतात, त्यामुळे शंभरेक किलोमीटर चालवल्यावर गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी लिव्हरपाशी पुन्हा मोजा. फ्रेमवर खडूने लिहिलेल्या जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहा, आणि मग घाटाला निघा.