लघुकथेत पात्र आणि कथानक यांचा तोल कसा साधावा

२,००० ते २,५०० शब्दांच्या कथेत पात्राचे सगळे आयुष्य मावत नाही. म्हणून आधी त्याची एकच निकड ठरवावी आणि तिलाच धक्का देणारी घटना निवडावी. समजा, रावेरकडच्या एका शेतकऱ्याची कापणीला आलेली केळीची बाग जूनच्या वादळात आडवी झाली. एवढ्याने बातमी होते, कथा होत नाही. मात्र बागेवर काढलेले कर्ज त्याने घरात लपवले असेल, तर पंचनाम्याला आलेला तलाठी सातबारा उघडत असताना तो बायकोला चहाच्या निमित्ताने आत पाठवतो, की तिच्यादेखतच बोज्याची कबुली देतो, या एका निर्णयात स्वभावही उघडा पडतो आणि कथानकही पुढे सरकते. त्याचे बालपण, जुनी भाऊबंदकी वगैरे या क्षणाला न लागणारे सारे निःसंकोच गाळावे. संवादांत तिकडची लेवा गणबोली जरूर यावी. केवळ प्रदेशाची सजावट म्हणून आलेली बोली मात्र मला खटकते. पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक प्रसंगाला विचारावे: याच्या जागी दुसरा कोणी असता, तरी हे असेच घडले असते का? उत्तर ‘हो’ आले, तर तो प्रसंग पुन्हा लिहावा.