न्हावा शेवाहून अमेरिकेला माल पाठवताय? आयएसएफचं आधी बघा

अमेरिकेला एलसीएल (इतरांसोबत वाटून घेतलेला कंटेनर) किंवा एफसीएल (पूर्ण कंटेनर) पाठवत असाल तर आयएसएफ (इंपोर्टर सिक्युरिटी फायलिंग, मालाची माहिती अमेरिकन कस्टम्सला आधीच कळवणं), म्हणजे ज्याला सगळे टेन प्लस टू म्हणतात ते, बोटीवर माल चढायच्या 24 तास आधी फाईल झालेलं लागतं. बोट निघायच्या आधी नाही हं, माल चढायच्या आधी, इथेच बरेच जण गंडतात. फाईल करायची जबाबदारी तिकडच्या इंपोर्टरची आणि 5000 डॉलरपर्यंतचा दंडही त्यालाच, पण माहिती सगळी आपल्याकडूनच जाते, मग उशीर झाला की शिव्या कोणाला बसणार ते सांगायला नको.

म्हणून बुकिंग कन्फर्म झालं की लगेच मॅन्युफॅक्चररचं नाव पत्ता, सहा आकडी एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्स कोड), कंट्री ऑफ ओरिजिन पाठवून टाका. कंटेनर कुठे स्टफ झाला (म्हणजे कुठे भरला) आणि कन्सॉलिडेटर, म्हणजे भरणारा, कोण, एवढं नंतर दिलं तरी चालतं, बोट अमेरिकेत पोचायच्या 24 तास आधीपर्यंत.

आणि बिल नंबर! फॉरवर्डरने (माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटने) एएमएसमध्ये, म्हणजे अमेरिकन कस्टम्सच्या मालनोंदणी सिस्टिममध्ये, जो हाउस बिल नंबर (त्याने दिलेल्या बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचा नंबर) टाकलाय तोच आयएसएफमध्ये हवा, एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मॅच होत नाही. फोनवर घेऊ नका, मेलवरच मागा.